तेल घाट कसा चढणार, हे आधी ठरवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कोकण किनाऱ्यावर तेल उतरवण्याचे मोठे टर्मिनल व्हावे, ही कल्पना दर दोन-चार वर्षांनी डोके वर काढते आणि काही काळाने मागे पडते. रत्नागिरी जिल्ह्यात नाणार परिसरात वर्षाला ६ कोटी टन क्षमतेचा तेलशुद्धीकरण प्रकल्प आखला गेला, तेव्हा राजापूर तालुक्यातील गावांबरोबर देवगड तालुक्यातील गिर्ये आणि रामेश्वर ही किनाऱ्यावरची गावेही त्यात धरली होती. २०१९ मध्ये भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली, पुढे बारसू-सोलगावचे नाव आले, आणि एप्रिल २०२३ मध्ये तेथील माती परीक्षणावरून काय घडले ते वाचकांच्या स्मरणात असेलच. या सगळ्या काळात आपल्या आणि इतर वृत्तपत्रांत जे लेख आणि पत्रे आली, ती मी कोल्हापुरात बसून बारकाईने वाचली. आंबा, मासळी, कातळशिल्पे, रोजगार आणि जमिनीचा दर यांवर पुष्कळ लिहिले गेले आणि ते योग्यच होते. पण उतरवलेले तेल पुढे जाणार कसे आणि कोणाच्या दारावरून, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारला. टर्मिनलच्या कुंपणाशी चर्चा थांबते, तशी ती थांबू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

मी स्थापत्य अभियंता आहे. कोल्हापुरात शिकलो, पण नोकरीची बरीच वर्षे गुजरातच्या किनाऱ्यावर, कच्छच्या आखाताच्या काठी, जेटी आणि तेलाच्या टाक्यांच्या बांधकामांवर गेली. निवृत्तीनंतर गावी परतलो. मी अशा प्रकल्पांचा विरोधक नाही, कारण माझे घर त्यांवरच चालले. तसेच, ‘सगळे नियमाप्रमाणे होईल, काळजी नको’ असे सांगणाऱ्यांवरही माझा विश्वास नाही, कारण नियमाप्रमाणे काय होते आणि काय ‘मागाहून करू’ म्हणून ठेवले जाते, ते मी जवळून पाहिले आहे.

टर्मिनल म्हणजे काय, याबद्दल आपल्याकडे एक गैरसमज आहे. टर्मिनल म्हणजे कारखाना नव्हे. तेथे तेलावर कसलीही प्रक्रिया होत नाही. जहाजातून तेल घ्यायचे, ते काही दिवस टाक्यांत ठेवायचे आणि पुढे पाठवायचे, एवढेच त्याचे काम. म्हणजे टर्मिनलची तुलना करायची तर ती साखर कारखान्याशी नको, बाजार समितीच्या आवाराशी करावी. माल येण्याची वाट आणि जाण्याची वाट या दोन्ही सारख्या रुंद नसतील, तर मधल्या आवारात कोंडी होणारच. आपल्या नियोजनकारांचे लक्ष मात्र बहुधा येण्याच्या वाटेवर, म्हणजे समुद्रावर, खिळलेले असते.

समुद्राकडची बाजू अवघड आहे, हे मान्यच आहे. सर्वांत आधी जहाज ठरते आणि बाकी सारे त्याच्या मागून येते. कच्चे तेल आणणारे सर्वांत मोठ्या वर्गातले जहाज सुमारे ३ लाख टनांचे असते आणि भरलेले असताना ते पाण्याखाली २० ते २२ मीटर बुडालेले असते. पेट्रोल-डिझेल वाहणारे ४०-५० हजार टनांचे मध्यम जहाज १२-१३ मीटर बुडते. किनाऱ्यालगत एवढी खोली नसेल तर एक तर गाळ उपसत राहायचे, किंवा जहाज दूर समुद्रात तरंगत्या बोयाला बांधून समुद्रतळावरच्या पाइपमधून तेल किनाऱ्यावर आणायचे. गुजरातमध्ये वाडीनारला कच्च्या तेलासाठी अशा बोयाची पद्धत गेली अनेक दशके चालू आहे. मुंबईने पन्नासच्या दशकात तुर्भे येथे शुद्धीकरण कारखाने आले तेव्हा दुसरी वाट धरली आणि बंदराच्या मधोमध असलेल्या बुचर बेटावर, म्हणजे आजच्या जवाहर द्वीपावर, जेटी बांधून तेथून समुद्राखालून पाइप नेले. मुंबईला नैसर्गिक आडोसा होता. कोकणच्या उघड्या किनाऱ्यावर तो प्रत्येक ठिकाणी मिळत नाही.

आडोसा नसला की काय होते, त्याचे उदाहरण शोधायला लांब जायला नको. दाभोळचे वायू टर्मिनल वर्षाला ५० लाख टन क्षमतेचे म्हणून आखलेले होते. त्याला लाटा अडवणारा बंधारा, ज्याला ब्रेकवॉटर म्हणतात, तो हवा होता. मूळ कंपनी बुडाली, काम अर्धवट राहिले आणि २०१३ मध्ये टर्मिनल सुरू झाले तेव्हाही बंधारा पुरा झालेला नव्हता. परिणाम असा, की वर्षानुवर्षे पावसाळ्याचे चार महिने तेथे जहाज लागू शकत नव्हते आणि पूर्ण क्षमता कागदावरच राहत होती. त्याच दाभोळहून बंगळुरूकडे जाणारी वायुवाहिनी सह्याद्री ओलांडून घाटावर येते. म्हणजे समुद्रावर राहिलेल्या एका बंधाऱ्याचे परिणाम देशावरच्या लोकांनाही भोगावे लागतात, हे आपण एकदा पाहिलेलेच आहे.

बांधकामाच्या वेळापत्रकाचेही तेच. जून ते सप्टेंबर या काळात कोकणच्या समुद्रात बार्ज उभा राहत नाही आणि खांब ठोकता येत नाहीत. ‘तीन वर्षांत प्रकल्प पूर्ण’ असे जेव्हा जाहीर होते, तेव्हा समुद्रातल्या कामाला प्रत्यक्षात दोनच वर्षे मिळतात. हे ठाऊक असूनही तीन वर्षांचा करार होतो, मग घाई होते, आणि घाईत जे काम डोळ्यांना दिसत नाही ते आधी मागे पडते.

न दिसणारे काम म्हणजे जमिनीखालचे. त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण कोकणच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या पठारावर, टाक्या उभ्या करण्याची भाषा ऐकली की मला एक जुनी टाकी आठवते. एका टर्मिनलवर (नाव सांगत नाही, सांगून आता उपयोगही नाही) खाडीकाठच्या भराव घातलेल्या जमिनीवर आम्ही टाकी उभी केली. टाकी बांधून झाली की तिच्यात तेल घालण्याआधी काठोकाठ पाणी भरून काही दिवस ठेवतात आणि कडेने ठरलेल्या खुणांवर रोज लेव्हल घेतात. टाकी थोडी खचते, ते अपेक्षितच असते. आमची टाकी एका बाजूला अधिक आणि दुसऱ्या बाजूला कमी खचू लागली. पेट्रोलच्या टाकीचे छप्पर तेलावर तरंगते. टाकीचा गोल किंचितही लंबगोल झाला की ते छप्पर एका अंगाने अडकते, कडेला फट पडते आणि त्या फटीतून वाफ बाहेर येते. आम्हाला पाणी सोडून द्यावे लागले, टाकी जॅकवर उचलून खालचा भराव पुन्हा करावा लागला, आणि वरिष्ठांचे बोलणे ऐकावे लागले ते वेगळेच. तेल भरल्यावर हे कळले असते तर काय झाले असते, याचा विचार आजही करावासा वाटत नाही.

कोकणचा सडा दिसायला पक्का खडक दिसतो. पण जांभा सच्छिद्र असतो, त्यात पोकळ्या असतात आणि त्याच्याखाली पुष्कळ ठिकाणी मऊ, चिकणमातीसारखा थर असतो. सड्यावर पडलेले पावसाचे पाणी त्यातून झिरपत खाली जाते आणि सड्याच्या पायथ्याच्या वाड्यांना झऱ्यांच्या आणि विहिरींच्या रूपाने मिळते. ज्या वाटेने पाणी जाते त्याच वाटेने गळलेले डिझेलही जाईल. म्हणून प्रत्येक टाकीच्या जागेवर बोअर घेऊन तपासणी करणे आणि टाक्यांच्या आवारात तेल न झिरपणारा थर घालणे, या दोन गोष्टी खर्चाच्या अंदाजात पहिल्या दिवसापासून हव्यात. आणखी एक साधी गोष्ट. ४० मीटर व्यासाची आणि १४ मीटर उंचीची एक टाकी चाचणीसाठी भरायला सुमारे पावणेदोन कोटी लिटर पाणी लागते. ज्या गावांत एप्रिल-मे महिन्यांत पाण्याचे टँकर फिरतात, तेथे हे पाणी कोठून आणणार आणि चाचणी झाल्यावर कोठे सोडणार, हे आराखड्यात लिहिलेले असायला हवे. समुद्राचे पाणी भरता येते, पण मग पत्रा गंजू नये म्हणून घ्यायची काळजी आणि तिचा खर्चही आलाच.

टाकीभोवती बांध असतो. टर्मिनलवर सगळे त्याला डाइक म्हणतात. आतली सर्वांत मोठी टाकी फुटली तरी सगळे तेल त्यात मावले पाहिजे, असा नियम आहे आणि कागदावर तो नेहमीच पाळलेला दिसतो. पण कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. १०० मीटर लांब आणि तेवढ्याच रुंद आवारात एका दिवसात २०० मिलिमीटर पाऊस झाला, तर २० लाख लिटर पाणी साचते. ते काढायला बांधाला झडप असते. पाणी काढण्यापुरती ती उघडायची, उभे राहून पाहायचे आणि लगेच बंद करायची, असा दंडक आहे. भर पावसात रात्रपाळीचा माणूस ती झडप दर वेळी बंद करीलच, यावर सगळी मदार असते. झडप उघडी राहिली तर बांध असून नसल्यासारखा.

२९ ऑक्टोबर २००९ रोजी जयपूरजवळ सीतापुरा येथील डेपोत हेच घडले. टाकीच्या पाइपवरील झडपांच्या कामात चूक होऊन पेट्रोल गळू लागले आणि सव्वा तासाच्या आसपास गळत राहिले. बांधाची झडप उघडी असल्याने ते पावसाच्या पाण्याच्या गटारात शिरले, वाफेचा ढग पसरला आणि स्फोट झाला. ११ माणसे गेली आणि आग ११ दिवस धुमसत राहिली. गळती दुरून थांबवता येईल अशी झडप तेथे कार्यान्वित नव्हती. एम. बी. लाल समितीने त्यानंतर दुरून चालणाऱ्या झडपांपासून अनेक शिफारशी केल्या. त्याआधी ११ डिसेंबर २००५ रोजी इंग्लंडमध्ये बन्सफील्ड येथे टाकीतील पातळी दाखवणारे मापक अडकले, धोक्याची सूचना देणारे दुसरे उपकरणही चालले नाही, पेट्रोल काठावरून वाहिले आणि मोठा स्फोट झाला. रविवारची पहाट होती म्हणून मृत्यू झाला नाही, तरी ४३ जण जखमी झाले. दोन्ही ठिकाणी उपकरणे होती आणि नियमही होते. नव्या टर्मिनलच्या निविदेत या दोन अपघातांचे धडे अटी म्हणून लिहिले आहेत का, एवढे पाहिले तरी नियोजन किती गंभीर आहे ते कळते. विजेचेही लक्षात ठेवावे. ६ ऑक्टोबर २०१७ रोजी जवाहर द्वीपावरील डिझेलच्या टाकीवर वीज पडली आणि आग विझायला काही दिवस लागले. परतीच्या पावसातल्या विजा काय असतात, हे कोकणाला आणि आपल्यालाही सांगायला नको.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. किनाऱ्यावर टर्मिनल झाले तर त्याचा माल स्थानिक गरजेपुरता नसणार. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून पेट्रोल-डिझेलची जेवढी विक्री होत असेल, तेवढ्यासाठी कोणी समुद्रात जेटी बांधत नाही. ग्राहक घाटावर आहे. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी, बेळगाव, म्हणजे ऊस वाहणारे ट्रॅक्टर, वस्त्रोद्योगाची मालवाहतूक आणि महामार्गावरचे ट्रक हा तो ग्राहक. आज आपल्याकडचे इंधन प्रामुख्याने मिरजेकडच्या डेपोंतून टँकरने येते. उद्या ते पश्चिमेकडून येणार असेल, तर मध्ये सह्याद्री उभा आहे.

हिशेब करून पाहू. टर्मिनलमधून वर्षाला १० लाख टन इंधन घाटावर येते असे धरू. हा आकडा उदाहरणादाखल घेतला आहे, पण जेटीचा खर्च निघायचा तर यापेक्षा फार कमी धरता येणार नाही. २० हजार लिटरच्या टँकरमध्ये साधारण १६ टन माल बसतो. म्हणजे वर्षाला ६२,५०० फेऱ्या, दिवसाला १७१ भरलेले टँकर वर आणि तेवढेच रिकामे खाली. घाटात रात्रीची वाहतूक नको म्हणून दिवसाचे १२ तास धरले, तर ये-जा मिळून दर दोन मिनिटांना एक टँकर. दुसऱ्या बाजूने पाहा. ४० हजार टनांचे एक जहाज एक-दीड दिवसात रिकामे होते, पण तोच माल न्यायला अडीच हजार टँकर लागतात. आणि अनुभवाने सांगतो, रिकामा टँकर रिकामा नसतो. पेट्रोल गेले तरी वाफ आत राहते, त्यामुळे उतरणीवरचा रिकामा टँकरही निर्धोक समजता येत नाही.

हे टँकर येणार कोणत्या रस्त्याने? आंबा घाट, अणुस्कुरा, भुईबावडा, करूळ, फोंडा आणि आंबोली, एवढेच पर्याय. अणुस्कुरा आणि भुईबावडा यांबद्दल न बोललेले बरे. करूळ घाट जानेवारी २०२४ पासून काँक्रिटीकरणासाठी दीर्घकाळ बंद राहिला, तेव्हा गगनबावड्याच्या दुकानदारांचे काय झाले ते त्यांनाच विचारावे. फोंड्याचा रस्ता राधानगरी अभयारण्यातून जातो. हे अभयारण्य २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांपैकी एक आहे आणि तेथे संध्याकाळी रस्त्यावर गवे उभे असतात. करूळ चढून आले की गगनबावडा लागतो, आणि तेथून कुंभी नदी निघते. कुंभीचे पाणी शेवटी पंचगंगेला मिळते. एक टँकर तेथे कलंडला तर त्याचे पेट्रोल खाली कोकणात जाणार नाही, ते आपल्याकडे येईल.

यावर एक प्रतिवाद मी हमखास ऐकतो, आणि तो वरवर पाहता बिनतोड वाटतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पुणे-बंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि कोल्हापूर बेट झाले. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट असताना दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेले. पंपांवर ‘फक्त अत्यावश्यक सेवेसाठी’ असे फलक लागले आणि शेजारच्या घरातील आजारी माणसाला रुग्णालयात नेण्यासाठी मी स्वतः गल्लीत दुचाक्यांमधून पेट्रोल गोळा केले आहे. तेव्हा पश्चिमेकडून इंधन येण्याची दुसरी सोय असती तर बरे झाले असते, असे म्हणणाऱ्यांची तळमळ मला समजते. पण पुराच्या त्याच दिवसांत गगनबावड्याचा रस्ता मांडुकलीला पाण्याखाली असतो, रत्नागिरीचा रस्ता केर्लीजवळ बंद होतो आणि घाटांत दरडी आलेल्या असतात. महामार्ग बंद पडण्याच्या आधीच पश्चिमेचे रस्ते बंद होतात. म्हणजे रस्त्याने येणाऱ्या इंधनासाठी टर्मिनल समुद्रावर असले काय आणि मिरजेला डेपो असला काय, पुरात कोल्हापूरच्या पंपावर सारखाच खडखडाट.

रेल्वेचा पर्याय नैसर्गिक होता. कोल्हापूर-वैभववाडी हा सुमारे १०७ किलोमीटरचा मार्ग २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात आला, तेव्हा आपल्या शहरात पेढे वाटले गेले. ती गाडी अजून यायची आहे. टर्मिनलच्या अहवालात ‘प्रस्तावित रेल्वेमार्ग’ असे शब्द दिसले, तर वाचकांनी ते वाक्य वगळून पुढे वाचावे.

राहते ती पाइपलाइन, आणि माझ्या मते तोच एक मार्ग आहे. तो अशक्य नाही. मुंबईहून पुण्याजवळच्या लोणी डेपोपर्यंत पेट्रोल-डिझेलची वाहिनी सह्याद्री चढून कित्येक वर्षे चालू आहे. पण ती स्वस्त नाही आणि सोपीही नाही. सुमारे ६०० मीटरची चढण डिझेलने पार करायची तर पायथ्याशी पाइपमध्ये दर चौरस सेंटिमीटरला ५० किलोच्या आसपास दाब केवळ त्या उंचीपोटी लागतो, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या वीसपटीहून अधिक. प्रवाहाचे घर्षण वेगळे. एवढ्या दाबाखाली पायथ्याला तडा गेला तर वरचे तेल उलटे खाली धावते, म्हणून चढणीवर ठरावीक अंतरांवर उलटा प्रवाह रोखणाऱ्या आणि दुरून बंद होणाऱ्या झडपा हव्यात. जेथे डोंगर दरवर्षी सरकतो, तेथे पाइप कोणत्या सोंडेवरून न्यायचा, हे भूगर्भशास्त्रज्ञाने पायी चालून ठरवावे. उपग्रहाच्या चित्रावर रेघ ओढून ते ठरत नाही.

आणि मग आपली जमीन येते. पाइपलाइनसाठी जमीन विकत घेतली जात नाही. १९६२ च्या कायद्याने फक्त वापराचा हक्क घेतला जातो आणि जमीन शेतकऱ्याच्या नावावरच राहते. पीक-नुकसानीशिवाय जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के मोबदला मिळतो. पाइप मीटर-सव्वामीटर खोल गाडल्यावर वर पुन्हा ऊस घेता येतो. मात्र त्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, विहीर काढता येत नाही आणि झाड लावता येत नाही. ज्याचे शेतच मुळात एक-दीड एकर आहे, त्याच्या दृष्टीने हा पट्टा गेल्यातच जमा असतो. शाहूवाडी किंवा पन्हाळा तालुक्यातल्या शेतकऱ्याने १० टक्क्यांना हरकत घेतली, तर त्याला विकासविरोधी म्हणण्याआधी हे लक्षात घ्यावे.

पाइपलाइनला किती वर्षे लागतात, हेही कोल्हापूरकरांना शिकवायला नको. काळम्मावाडीहून शहराला पाणी आणणाऱ्या सुमारे ५३ किलोमीटरच्या थेट पाइपलाइनचे काम २०१४ मध्ये सुरू झाले आणि तिचे पाणी २०२३ च्या दिवाळीत आले. ते पाणी होते, आणि सगळ्या शहराला ते हवे होते. ज्वलनशील तेलाची, घाटातून आणि जंगलाच्या कडेने जाणारी वाहिनी त्याहून लवकर होईल असे मानायला मला तरी आधार सापडत नाही. समुद्रातले काम तीन-चार वर्षांत आटोपते, पाइपलाइन मागे राहते, आणि मधल्या काळात ‘तात्पुरती व्यवस्था’ म्हणून टँकर सुरू होतात. ही तात्पुरती व्यवस्था किती टिकते, हे दाभोळच्या बंधाऱ्याने दाखवले आहे.

म्हणून माझी मागणी क्रमाविषयी आहे. टर्मिनलची जागा ठरवतानाच पाइपलाइनचा मार्ग ठरावा. दोन्हींचा पर्यावरणीय अभ्यास एकत्र व्हावा. आणि घाटापलीकडच्या डेपोपर्यंत पाइपलाइन चाचणी होऊन तयार होईपर्यंत घाटावर जाणारा माल घेऊन येणाऱ्या पहिल्या जहाजाला परवानगी मिळू नये, ही अट मंजुरीच्या पत्रात शब्दशः असावी. खुद्द किनाऱ्यावरच्या दोन जिल्ह्यांपुरते टँकर चालायला माझी हरकत नाही. घाटापलीकडचा हा डेपो पूररेषेच्या बाहेर, उंचावर हवा, म्हणजे २०१९ सारख्या प्रसंगी निदान शहराच्या एका बाजूला तरी साठा राहील. या अटीमुळे प्रकल्प महाग होईल आणि कदाचित होणारही नाही, असे कोणी म्हणेल. तसे असेल तर आज तो स्वस्त दिसतो कारण त्याचा एक मोठा खर्च घाटातले रस्ते आणि रस्त्याकडेची गावे भरणार आहेत, असा त्याचा अर्थ होतो.

दुसरी बाब जनसुनावणीची. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा तिच्या जवळ, त्या जिल्ह्यात होते आणि अहवालातील अभ्यासाचे क्षेत्र साधारणपणे १० किलोमीटरच्या परिघाचे असते. राजापूर किंवा देवगडच्या किनाऱ्यावरून १० किलोमीटरचे वर्तुळ काढले तर ते घाटाच्या पायथ्यालाही पोहोचत नाही. टर्मिनल आणि पाइपलाइन हे दोन वेगळे प्रकल्प म्हणून दाखवले, तर कोल्हापूर जिल्ह्याचा संबंध कागदोपत्री संपतोच. मच्छीमार बांधव त्यांचे म्हणणे समर्थपणे मांडतात. जेटी आणि बोयाभोवतीच्या निषिद्ध क्षेत्रात जाळे टाकता येणार नाही, ही त्यांची भीती खरी आहे, आणि त्यांच्या वतीने मी बोलण्याची गरज नाही. पण आंबा गावाच्या हॉटेलवाल्याला, गगनबावड्याच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना आणि राधानगरीच्या धनगरवाड्यावरच्या माणसाला बोलायला जागाच नाही, हे बरोबर नाही. सुनावणी कोल्हापूर जिल्ह्यातही घ्यावी, अशी मागणी जिल्हा परिषदेने आणि आपल्या लोकप्रतिनिधींनी आतापासूनच ठरावाद्वारे करावी. जागा जाहीर झाल्यावर ठराव करण्याला अर्थ उरत नाही.

आणखी एक, वरकरणी किरकोळ वाटेल असे. सुनावणीपूर्वी अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत देण्याची तरतूद आहे, पण शेकडो पानांचा मूळ अहवाल इंग्रजीत असतो. सारांशात टाक्यांची संख्या असते, नोकऱ्यांचा आकडा असतो आणि ‘आवश्यक ती खबरदारी घेण्यात येईल’ असे वाक्य असते. गळती झाल्यास वाफ किती अंतरापर्यंत जाईल, टँकर कोणत्या रस्त्याने आणि दिवसाला किती जातील, हे मूळ अहवालातील धोका-विश्लेषणाच्या आणि वाहतुकीच्या प्रकरणांत असते. ती दोन प्रकरणे पूर्णपणे मराठीत करून शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, पन्हाळा आणि करवीर या तालुक्यांच्या पंचायत समित्यांत सुनावणीच्या महिनाभर आधी ठेवावीत. भाषांतराला माणूस मिळत नसेल, तर मी विनामोबदला मदत करायला तयार आहे. तेवढा शब्दसाठा नोकरीने मला दिला आहे.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता,
कोल्हापूर